शांतता कोणाच्या सोयीची?

लहान मुलांविषयी बोलताना ‘शांत’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पाहुण्यांपुढे दंगा न करणारे मूल शांत, भरवताना तोंड न फिरवणारे मूल शांत आणि दूरचित्रवाणीसमोर पापणी न लववता बसलेले मूल तर सर्वांत शांत, असे आपण समजतो. वस्तुतः या तिन्ही अवस्था निरनिराळ्या असू शकतात. गप्प बसणे वेगळे, भान हरपून थिजणे वेगळे आणि शांत असणे वेगळे. गप्प बसण्यामागे बहुधा धाक असतो. थिजलेल्या मुलाचे स्वतःकडे लक्षच नसते. शांत मूल मात्र स्वतःच्या ताब्यात असते. वाळूत खड्डा खणणारे दोन वर्षांचे मूल पाहावे. ते हलत असते, बडबडत असते, अंगभर माती माखून घेत असते. तरीही ते शांत असते.

हा भेद मांडण्याचे निमित्त असे, की अलीकडे अनेक तरुण आईवडील आपल्या एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी संथ, सौम्य, कमी गोंगाटाचे कार्यक्रम पारखून निवडू लागले आहेत. मूल पडद्यासमोर बसले म्हणजे झाले, अशी वृत्ती सोडून ‘ते काय पाहते आणि पाहिल्यावर त्याचे काय होते’ असा विचार घरोघरी होऊ लागला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि राज्य शासनाच्या सेवेत तीन दशके घालवल्यामुळे आम्हाला एक सवय जडली आहे. कोणतीही योजना टेबलावर आली, की तिच्या उद्दिष्टांचे परिच्छेद वाचण्यापूर्वी आम्ही विचारत असू : लाभार्थी कोण? तोच प्रश्न येथेही विचारावासा वाटतो. शांत कार्यक्रमातून जी शांतता घरात उतरते, तिचा लाभार्थी कोण? मूल, की मुलाला सांभाळणारी मोठी माणसे?

प्रथम वयाविषयी स्पष्ट असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पहिल्या वर्षात पडदा नकोच. एक वर्षाच्या मुलालाही पडद्यासमोर बसवण्याची शिफारस नाही. दोन वर्षांनंतर दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली सूचनाही याच स्वरूपाची आहे. म्हणजे ‘कोणता कार्यक्रम चांगला’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने दुसऱ्या वाढदिवसानंतर सुरू होतो. त्यापूर्वी सौम्य कार्यक्रमही मुलाच्या उपयोगाचा नसतो. तो असतो तो आपल्या उपयोगाचा.

आता गतीचा मुद्दा. पडद्यावरील दृश्य एकाएकी बदलले, की आपली नजर आपोआप तिकडे वळते. अचानक झालेल्या हालचालीकडे वळणे हा प्राणिमात्राच्या स्वसंरक्षणाचा भाग आहे. त्यासाठी इच्छा लागत नाही. दृश्ये दर दोन-तीन सेकंदांनी बदलत राहिली, तर नजर पुनःपुन्हा ओढली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मूल किती एकाग्र झाले आहे! प्रत्यक्षात लक्ष देणे आणि लक्ष ओढले जाणे यांत, चालणे आणि फरफटत नेले जाणे यांत आहे तेवढे अंतर आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. एका गटाने नऊ मिनिटे वेगवान कार्टून पाहिले. त्यातील दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होते. दुसऱ्या गटाने संथ, शैक्षणिक कार्यक्रम पाहिला. त्यात हेच अंतर ३४ सेकंदांचे होते. तिसरा गट कागदावर चित्रे काढीत बसला. लगेच घेतलेल्या चाचण्यांत, म्हणजे सूचना लक्षात ठेवणे, मनाला आवर घालणे, खाऊसाठी थोडे थांबणे अशा गोष्टींत, वेगवान कार्टून पाहिलेली मुले मागे पडली. या प्रयोगाचा अर्थ ताणू नये. परिणाम तात्काळ मोजला होता, तो किती टिकतो हे त्यात पाहिले नव्हते. शिवाय त्याच संशोधकांच्या २०१५ मधील पुढील कामातून असे दिसले, की नुसत्या वेगापेक्षा अशक्यप्राय घटनांचा मारा अधिक थकवणारा असतो. ज्या जिवाला पाणी खाली वाहते आणि चेंडू उडी मारतो एवढेही नुकतेच कळू लागले आहे, त्याच्यापुढे क्षणाक्षणाला नियम मोडणारे जग ठेवले, तर त्याची बुद्धी शिणणारच. तेव्हा ‘संथ’ एवढा एकच निकष पुरेसा नाही. जे घडते आहे ते मुलाला उमगावे, हा दुसरा निकष त्याला जोडावा लागतो.

येथवर प्रश्न शास्त्राचा होता. नीतीचा प्रश्न यापुढे येतो.

अमेरिकेत नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम सुरू झाला. गरीब वस्त्यांतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शाळेपूर्वी अक्षरओळख व्हावी, हा त्याचा उद्देश होता; त्याचीच भारतीय आवृत्ती ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये आपल्याकडे आली. कार्यक्रमाचे भाग तपासण्यासाठी एडवर्ड पामर या संशोधकाने एक युक्ती योजली. मुलाला कार्यक्रम दाखवायचा आणि बाजूच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक वेगळे चित्र उमटवायचे. मूल कार्यक्रम सोडून त्या चित्राकडे कधी वळते, याची नोंद ठेवायची. जेथे मुले वळत, तो भाग सुधारायचा.

पुढे २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लंडनस्थित मूनबग या कंपनीविषयी विस्तृत वृत्तान्त छापला. चिमुकल्यांसाठीचा ‘कोकोमेलन’ हा जगभर गाजलेला कार्यक्रम याच कंपनीचा. तेथेही अशीच युक्ती वापरली जात असल्याचे त्यात म्हटले होते. मुलाच्या जवळ एक लहान पडदा ठेवतात. त्यावर कोणी कॉफी ओततो आहे, कोणी केस कापून घेतो आहे, अशी घरगुती दृश्ये चालू असतात. मूल कार्यक्रमावरून नजर काढून त्या साध्या दृश्यांकडे वळले, की नोंद होते.

साधन एकच, काळ निराळा. म्हणून दोषारोप करताना घाई करू नये. ज्यांचा हेतू उदात्त होता, त्यांनीही मुलाचे लक्ष बांधून ठेवण्याचीच कला अभ्यासली. मात्र दोन्ही ठिकाणी मुलाचे मान वळवणे ही कार्यक्रमाची उणीव समजली गेली, हे विसरता येत नाही. आम्हाला नेमके येथेच अडखळायला होते. दोन वर्षांच्या मुलाने पडद्यावरून नजर काढून कॉफी ओतणाऱ्या माणसाकडे पाहिले, तर त्यात चुकले काय? माणूस कपात कॉफी कशी ओततो, हेच तर त्या वयात पाहायचे असते. मान वळवण्याची ती शक्ती म्हणजे त्याचे स्वातंत्र्य आहे. आपल्याला काय होते आहे हे ज्याला सांगता येत नाही, नकार देता येत नाही, अशा जिवाचे लक्ष ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती स्वतःच्या सोयीसाठी खर्चायची नसते, हा व्यवहारातला साधा नियम. तो येथे लागू का होऊ नये?

मुलाचे हे स्वातंत्र्य राखून कार्यक्रम करता येतो काय? येतो, आणि काहींनी तो केलाही आहे. फ्रेड रॉजर्स यांचा ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ अमेरिकेत १९६८ पासून २००१ पर्यंत प्रसारित झाला. बालमानसशास्त्राच्या अभ्यासक मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याशी विचारविनिमय करून रॉजर्स आपले भाग लिहीत. दर वेळी ते दार उघडून घरात येत, कोट काढून स्वेटर घालत, बूट बदलत आणि माशांना खाऊ घालत. एका भागात एक मिनिट म्हणजे किती, हे दाखवण्यासाठी त्यांनी घड्याळ लावले आणि ते मिनिट तसेच जाऊ दिले. दूरचित्रवाणीच्या धंद्यात रिकामे मिनिट म्हणजे तोटा. रॉजर्स यांनी तो पत्करला. पुढे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’मध्ये निवेदक प्रश्न विचारून उत्तरासाठी खरोखर थांबत असे, आणि एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाच दिवस दाखवला जाई. मोठ्यांना हा कंटाळा वाटेल. पण ‘पुन्हा सांग’ हा हट्ट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातले मर्म सांगायला नको. आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीतली चिऊ दार उघडायला किती वेळ लावते! पावसात भिजणारा काऊ दाराशी उभा, आणि आत तिची कामे संपत नाहीत. दर वेळी तेच विचारणे, दर वेळी तेच थांबवणे. मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असते, म्हणूनच ते निश्चिंत मनाने ऐकते.

आम्हाला सर्वांत मनाजोगते उदाहरण वाटते ते चेक चित्रकार झ्देनेक मिलर यांच्या ‘क्रटेक’ या लहानग्या चिचुंदरीवजा प्राण्याचे. त्याचा पहिला चित्रपट १९५७ चा. त्यात क्रटेकला खिसे असलेली तुमान हवी असते. ती त्याला आयती मिळत नाही. जवसाचे रोप सांगेल तसे त्याला वाढवावे लागते, मग ते भिजवणे, झोडणे, विंचरणे, सूत काढणे, कापड विणणे, बेतणे आणि शिवणे असे एकेक काम इतर प्राण्यांच्या मदतीने पार पडते. जवस आपल्याला चटणीपुरते ठाऊक. त्याच्या देठापासून कापड होते, हे कळायला मोठ्यांनीही तो चित्रपट पाहावा. या पहिल्या चित्रपटात पात्रे बोलतात. पुढच्या चित्रपटांत मात्र क्रटेक जवळजवळ अबोल झाला. हसणे, दचकणे, हुंकार एवढेच त्याचे उद्गार, आणि तेही मिलर यांच्या मुलींच्या आवाजातले. कोणत्याही देशातल्या मुलाला तो कळावा, हा त्यामागचा विचार.

या अबोलपणाचा आपल्यासारख्या कुटुंबांशी निकटचा संबंध आहे. बडोदे असो, इंदूर-ग्वाल्हेर असो की हैदराबाद. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या मराठी घरांची स्थिती सारखीच आहे. दाराबाहेर मुलाच्या कानांवर गुजराती, हिंदी किंवा तेलुगू पडते, शाळेत इंग्रजी. मराठी उरते ती घरात, आणि तीही पुष्कळदा आजी-आजोबांच्या तोंडी. म्हणून कित्येक घरांत असा विचार होतो, की मुलाला मराठी गाण्यांचे, गोष्टींचे कार्यक्रम लावून द्यावेत; निदान भाषा तरी कानांवर पडेल. हेतू चांगला आहे. पण लहान मूल भाषा तशी घेते काय?

सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषक व्यक्ती बसून बारा बैठकांत पुस्तके वाचीत, खेळणी दाखवीत बोलल्या. त्या बाळांना चिनी भाषेतील विशिष्ट ध्वनी ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना त्याच व्यक्ती, तेच बोलणे, तितकाच वेळ पडद्यावर दाखवले. त्यांना काहीही आले नाही. जणू ती भाषा त्यांच्या कानांवर पडलीच नव्हती. याउलट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांच्या बोलण्याला वेळीच प्रतिसाद देत होता. वर सांगितलेल्या वैद्यकीय सूचनेतही व्हिडिओ कॉलला दोन वर्षांखालील मुलांसाठी प्रसंगोपात्त सवलत आहे. पुण्याला किंवा परदेशी असलेल्या नातवंडांशी रविवारी बोलणाऱ्या आजी-आजोबांनी म्हणून मनात अपराधी भाव ठेवू नये. एकंदरीत भाषा ही ऐकवण्यापेक्षा देण्याघेण्याची वस्तू आहे. मूल ‘ब’ म्हणते, आजी ‘बस हवी का बाळा?’ म्हणते, मूल पुन्हा ‘ब’ म्हणते. मराठी या येरझाऱ्यांतून येते.

यावरून आम्ही कार्यक्रमाच्या निवडीचा एक निकष काढतो, आणि या लेखात सांगण्यासारखे मुख्य ते एवढेच आहे. ज्या कार्यक्रमात जवळ बसलेल्या माणसाला बोलायला जागा आहे, तो कार्यक्रम लहान मुलाला योग्य. क्रटेक बोलत नाही, म्हणून आजीला बोलता येते : ‘अगं बाई, खड्ड्यात पडला की गं! आता काय करेल?’ त्याची गोष्ट चेक, चित्रे चेक, पण शब्द आपल्या माजघरातले. उलट एखादा कार्यक्रम अखंड मराठीत असेल, परंतु इतका भरगच्च आणि वेगवान असेल, की आजीला एक शब्द मध्ये घालता येऊ नये, तर त्याने मराठीची सेवा केली असे म्हणता येणार नाही. त्याने मराठी बोलणाऱ्या माणसालाच गप्प बसवले.

या मताला एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दूरचित्रवाणी लावली जाते ती मुळी जवळ बसायला कोणी मोकळे नसते म्हणून! दोघेही नोकरीला जाणारे, संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, त्यात आजीचे गुडघे दुखणारे, आजोबांची दृष्टी अधू. अशा घराला ‘शेजारी बसून बोला’ हा उपदेश करणे सोपे आहे. शिवाय हा उपदेश अखेरीस कोणाच्या अंगावर येऊन पडतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक घरांत तो सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडतो. दिवसभर राबून आलेल्या बाईने वीस मिनिटे मुलाला पडद्यासमोर बसवून कुकर लावला, तर तिला दोष देणारी नीती आम्हाला मान्य नाही. आईला मिळालेली वीस मिनिटांची उसंत ही मुलाच्याही हिताची असते. लाभार्थी एकटे मूलच असावे, असा आमचा आग्रह नाही. आग्रह एवढाच, की सोय आपली असेल तेव्हा तिला ‘मुलाचे शिक्षण’ असे नाव देऊ नये. ‘बेबी आइन्स्टाइन’ या नावाने तान्ह्या मुलांच्या ध्वनिचित्रफिती एके काळी मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या. २००९ मध्ये त्या विकणाऱ्या डिस्ने कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. बुद्धी वाढवण्याचा बहाणा नसता, तर त्या फितींत विशेष आक्षेपार्ह काही नव्हते. आपली सोय ही सोय म्हणून कबूल केली, की ती मर्यादेत ठेवता येते. तिला शिक्षण म्हटले, की मर्यादा घालण्याचे कारणच उरत नाही.

मर्यादेविषयीही प्रामाणिकपणे बोलावे. आमच्या पिढीतील मंडळी पुष्कळदा सांगतात, की आमच्या वेळी असे नव्हते. खरे आहे, पण त्यात आपल्या संयमाचा वाटा किती? दूरदर्शनची एकच वाहिनी होती, मुलांचा कार्यक्रम ठरावीक वारी येई आणि ठरावीक वेळी संपे. संपला की संपला. तो संयम टंचाईने लादलेला होता. आज कार्यक्रम संपत नाही. एक भाग संपताच दुसरा आपण होऊन सुरू होतो. टंचाईने जे काम केले, ते आता विवेकाला करावे लागणार, आणि ते अधिक कठीण आहे. म्हणून आपोआप पुढचा भाग सुरू करणारी सोय बंद ठेवणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतो. ज्याला शेवट आहे, तेच मुलाला पुरे झाले असे वाटू शकते.

आणखी एक गोष्ट घरातील ज्येष्ठांनी ध्यानात घ्यावी. मुलासाठी निवडलेल्या अर्ध्या तासाची चर्चा आपण करतो. परंतु आपल्या बातम्या आणि मालिका त्याच खोलीत तीन-तीन तास चालू असतात, त्यांचे काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २००८ मधील एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुले खेळत असताना मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवला गेला. मुलांनी पडद्याकडे फारसे पाहिलेही नाही. तरी त्यांचा खेळ तुटक झाला. वृत्तवाहिनीवरील भांडणे ऐकत ‘नातवाला सौम्य कार्यक्रम लावा’ असे सुनेला सांगणे कितपत शोभते, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

शांततेविषयी बालशिक्षणाच्या क्षेत्रात जुना विचार आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपले बालगृह सुरू केले. तेथे एकदा त्यांनी काही महिन्यांचे तान्हे मूल मुलांपुढे आणले आणि ते किती हळू श्वास घेते पाहा, असे सांगितले. मुले आपण होऊन निःस्तब्ध झाली आणि बाहेरचे बारीक आवाज ऐकू लागली. त्यातून शांततेचा खेळ जन्मला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या मातीत रुजवला. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक मात्र पहिल्याच दिवशी वर्गात हा खेळ घ्यायला जातो आणि पुरता फसतो. मुले हसतात, ओरडतात. मग तो गोष्ट सांगू लागतो, आणि तोच वर्ग कान देऊन बसतो. शांतता फर्मानाने येत नाही, हे तेथे त्याला उमगते. मूल शांत होते ते त्याला काही ऐकावेसे वाटते तेव्हा, आणि ऐकवणारा त्याच्यासमोर असतो तेव्हा.

तेव्हा कार्यक्रम निवडायचाच असेल, तर घड्याळ लावून एक मिनिट पाहावे आणि दृश्य किती वेळा बदलते ते मोजावे. काय घडते आहे ते मुलाला कळते का, पाहावे. मध्ये बोलायला जागा आहे का, आणि शेवट आहे का, तेही पाहावे. अखेरची परीक्षा मात्र पडदा बंद केल्यानंतरची आहे. बंद केल्यावर मूल क्षणभर रुसून पुन्हा आपल्या भातुकलीकडे, डब्यांच्या झाकणांकडे वळले, तर कार्यक्रमाने त्याचे फारसे काही घेतले नाही असे समजावे. ते सैरभैर झाले, कशातच रमेनासे झाले, तर तो कार्यक्रम कितीही मंद संगीताचा आणि फिकट रंगांचा असो, मघाची शांतता त्याची नव्हती. ती आपली होती, आणि तिची किंमत त्याने मोजली.